रानाच्या परवानगीने

बामणोलीच्या धक्क्यावरून निघालेली लाँच शिवसागर जलाशय ओलांडून पलीकडच्या तीराला लागते. तिथे गाव नाही, चहाची टपरी नाही. वनखात्याची चौकी आहे आणि तिच्यामागून थेट रानच सुरू होते. चौकीवर प्रत्येकाची सॅक उघडली जाते. पाण्याच्या बाटल्या किती, वेफर्सची पाकिटे किती, कॅरीबॅग किती, हे मोजून वहीत टिपले जाते आणि अनामत रक्कम ठेवून घेतली जाते. संध्याकाळी तेवढ्याच वस्तू दाखवल्या की पैसे परत. पहिल्यांदा येणाऱ्याला हा जाच वाटतो. मुक्कामाला परवानगी नाही, अंधार पडायच्या आत लाँच पकडलीच पाहिजे, शेकोटी पेटवायची नाही, हे ऐकून तर काहींचा उत्साहच मावळतो. पण अर्ध्या तासात अंजनी-जांभळाच्या सावलीत शिरले आणि आपल्याच पावलांचा आवाज मोठा वाटू लागला, की या नियमांनी काय राखून ठेवले आहे ते कळू लागते.

ही वाट वासोट्याची. कोयना अभयारण्यातला हा गड आणि त्याच्या दक्षिणेला चांदोली राष्ट्रीय उद्यानातला प्रचितगड ही दाट जंगलाने वेढलेल्या सह्याद्रीची दोन टोके म्हणता येतील. मधल्या टापूत जंगली जयगड आणि हेळवाकचा भैरवगड हे आणखी दोन वनदुर्ग आहेत. उंचीच्या हिशेबात यातला एकही माथा १६४६ मीटरच्या कळसूबाईच्या जवळपास जात नाही. तरीही अनुभवी भटक्यांना विचारले, तर दमवणाऱ्या आणि मनात रेंगाळणाऱ्या वाटांमध्ये ते याच टापूतल्या वाटांची नावे घेतात. इथे कस लागतो तो कडा, रान आणि दुर्गमता एकत्र आल्यामुळे. गेल्या काही वर्षांत शनिवार-रविवारी सह्याद्रीच्या नामांकित गडांवर जत्रा भरते, पायऱ्यांवर आणि शिड्यांवर रांगा लागतात. त्या गर्दीतून इकडे आलेल्या माणसाला आपण वेगळ्याच डोंगरात आलो की काय असे वाटते.

कोयना आणि चांदोली ही दोन्ही जंगले १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाली. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. मेळघाट, ताडोबा आणि पेंचनंतरचा हा महाराष्ट्रातला चौथा व्याघ्र प्रकल्प. गाभा आणि बफर धरून त्याचे क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर भरते आणि ते सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरले आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून स्वीकारली. त्यात महाराष्ट्राची चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. बामणोलीला साताऱ्याहून जाताना कासचे पठार वाटेतच लागते, म्हणजे वासोट्याला निघालेला माणूस एका सकाळी या चारांपैकी दोन ठिकाणांतून जातो.

या डोंगरांची ठेवण समजून घेतली तर चढणे अधिक अर्थपूर्ण होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचा दगड तयार झाला. कोयना परिसरात शास्त्रज्ञांनी खोल बोअर घेतले, तेव्हा जवळपास एक किलोमीटर जाडीचा बेसॉल्ट ओलांडल्यावर खाली ग्रॅनाइट लागला. वर चढताना एक उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा अशी जी पायऱ्यांची रचना दिसते, ती या थरांचीच. सपाटीवर माती साचते, तिथे झाडी दाटते. कड्याच्या तोंडावर वारा आणि पाऊस काही टिकू देत नाहीत. सर्वांत वरच्या सपाट सड्यांवर जांभ्या दगडाचे कवच आहे. तिथे झाडे विरळ आणि माती बोटभर, पण पावसाळा सरता सरता तेरडा, सोनकी आणि सीतेच्या आसवांनी तो उजाड कातळ झाकून जातो.

कोयना नदीचा मार्गही वेगळाच आहे. महाबळेश्वरला उगम पावून ती सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर अशी दक्षिणेकडे जाते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. त्यामुळे नदीचे खोरे आणि कोकणचा कडा यांच्यामध्ये डोंगराची एक चिंचोळी पट्टी उरली. वासोटा या पट्टीवरच उभा आहे. पूर्वेला वळून पाहिले तर जलाशयाचे निळे फाटे दिसतात आणि पश्चिमेला पाऊल टाकायला जागा नसते, थेट खाली खेड तालुक्यातली गावे. १९६० च्या दशकात कोयनेवर धरण झाले आणि नदीचे पाणी बोगद्यांतून चारशे मीटरहून अधिक खाली, पोफळीच्या वीजगृहाकडे सोडले जाऊ लागले. पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते ते तेव्हापासून. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे या खोऱ्यात साडेसहाच्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे पावणेदोनशे माणसे गेली. जलाशयामुळे चेतवल्या गेलेल्या भूकंपाचे उदाहरण म्हणून जगभरच्या अभ्यासात आजही कोयनेचे नाव पहिल्यांदा घेतले जाते. लाँच ज्या शांत पाण्यावरून जाते त्याच्या पोटात इतके सगळे आहे.

तर वासोट्याची वाट. पायथ्याला मेट इंदवली नावाचे गाव होते. आता जोती उरली आहेत. थोडे आत गेल्यावर ओढ्यापाशी मारुतीचे उघड्यावरचे ठाणे लागते. इथपर्यंत वाट सपाट आणि सुखाची आहे. मग चढ सुरू होतो आणि माथ्यापर्यंत थांबत नाही. जलाशयाच्या पातळीपासून साधारण पाचशे मीटर उंची चढायची असते. सवयीच्या माणसाला दोन-अडीच तास पुरतात, नवख्याला तीन. आकडा फार मोठा नाही, पण जवळजवळ सगळी चढण झाडीतून आहे. समोर शिखर दिसत नाही, मागे किती आलो तेही दिसत नाही. उघड्या डोंगरावर चालणाऱ्याला माथा सतत खुणावत असतो आणि तो त्या आशेवर चढतो. इथे तो आधार नाही. त्यामुळे चाल आपोआप संथ होते, आणि ते बरेच, कारण पाहण्यासारखे सगळे हाताच्या अंतरावर असते.

अंजनी, जांभूळ आणि पिसा ही इथल्या सदाहरित रानाची मुख्य झाडे. त्यांचे बुंधे शेवाळाने झाकलेले, फांद्यांवर ऑर्किडच्या गाठी, आणि झाडांना विळखे घालत वर गेलेल्या माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली. गारंबीच्या वेलीला हातभर लांबीच्या, तलवारीसारख्या वाकड्या शेंगा लटकतात. त्यातल्या गुळगुळीत तांबूस बिया वाटेवर पडलेल्या सापडतात. हिरडा, उंबर, ऐन, किंजळ, रानआंबा हेही आहेतच. उतारावर कारवीची जाळी माजलेली असते. ती सात वर्षांनी एकदा फुलते, त्या वर्षी अख्खी सोंड जांभळी होते आणि फुलून झाल्यावर झाड मरते. वाळलेल्या कारवीच्या काठ्या कोकणात आणि मावळात कुडाच्या भिंतींना पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या.

प्राणी दिसतील अशी अपेक्षा ठेवून येणाऱ्याची बहुधा निराशा होते, कारण एवढ्या दाट झाडीत दहा पावलांवरचा गवाही दिसत नाही. पण ऐकू सगळे येते. शेंड्यावरून शेकरूचा खडखडाट होतो. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी काटक्यांची गोल घरटी उंच फांद्यांवर बांधतो, आणि ती मात्र वर पाहायची सवय ठेवली तर हमखास दिसतात. ओढ्याकाठी पहाटे शीळकरी कस्तुराची शीळ येते. माणूसच वाजवतो आहे असे वाटावे इतकी ती रेंगाळणारी असते. धनेश उडाला तर पंखांचा आवाज कानाआधी छातीत जाणवतो. दुपारी सगळे शांत झाले की भेकर कुत्र्यासारखे भुंकते आणि नवख्यांना जवळ वस्ती आहे असा भास होतो. वाटेवरच्या मऊ मातीत गव्याचे, सांबराचे, रानकुत्र्यांचे ठसे असतात. अस्वलाने उकरलेली वारुळे तर ठिकठिकाणी. बिबट्या आहे, पिसोरी हे सशाहून जरा मोठे हरीण आहे, पण ही दोन्ही दिसणे निव्वळ नशिबाचा भाग. ठसे आणि विष्ठा वाचता येणारा वाटाड्या सोबत असेल तर चढाईचे तीन तास हे एका पुस्तकाचे वाचन होते. नसेल तर फक्त घाम.

माथा आला की उजेड अंगावर कोसळतो. गडावर पडके दरवाजे, वाड्याचे जोते, महादेवाचे मंदिर, पाण्याचे टाके आहे. पण पावले आपोआप वळतात ती बाबू कड्याकडे. नालेच्या आकाराचा हा कडा पायाखालून सरळ कोकणात उतरतो आणि दरीपलीकडे जुना वासोटा दिसतो. कड्याच्या काठावर बसून पाहताना उंचीचे भय वाटणाऱ्याने मागेच थांबावे, त्यात कमीपणा नाही. स्वच्छ हवेत कोकणात उतरत गेलेल्या डोंगरांच्या रांगेत रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड ओळखू येतात.

इतक्या आडरानात किल्ला कशाला, याचे उत्तर इतिहासात आहे. कोकणातून घाटावर चढणाऱ्या वाटांवर नजर ठेवणे हे काम होतेच, पण वासोट्याचा खरा उपयोग झाला तो तुरुंग म्हणून. जावळीच्या मोऱ्यांकडचा हा गड १६६० मध्ये स्वराज्यात आला आणि त्याला व्याघ्रगड असे नाव मिळाले. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत करणाऱ्या इंग्रजांचा हिशेब शिवाजी महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटून चुकता केला. तिथे पकडलेल्या इंग्रजांपैकी काहींना वासोट्यावर ठेवण्यात आले. त्यांना कोठडीची गरज नव्हती. कड्यावरून पळणे अशक्य आणि पूर्वेकडच्या रानातून एकट्याने बाहेर पडणे त्याहून अवघड. पुढे पेशवाईच्या अखेरीस औंधच्या पंतप्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलीण या बाईने हा गड लढवला आणि पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांना काही महिने झुंजवले. मराठी इतिहासाने तिच्याकडे पाहिजे तेवढे पाहिलेले नाही.

१८१८ चा प्रसंग तर भूगोलाचा धडाच आहे. दुसऱ्या बाजीरावाने छत्रपती प्रतापसिंहांच्या कुटुंबाला आणि पकडलेल्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना वासोट्यावर ठेवले होते. एप्रिलमध्ये इंग्रज फौज आली. ती गडाला सरळ भिडली नाही. समोरच्या, किंचित उंच असलेल्या जुन्या वासोट्यावर तिने तोफा चढवल्या आणि तिथून मारा केला. अजिंक्य म्हणून नावाजलेला गड फार काळ टिकला नाही. बाबू कड्यावर उभे राहून पलीकडच्या त्या डोंगराकडे पाहिले की एवढ्या रानातून तोफा तिथवर कशा नेल्या असतील याचा विचार डोक्यातून जात नाही.

वासोट्याच्या वाटेला एक फाटा फुटतो तो नागेश्वराकडे. कड्याच्या पोटात गुहा आणि गुहेत शिवलिंग. खेड तालुक्यातल्या चोरवणे गावातून कोकणी माणसे महाशिवरात्रीला थेट कडा चढून इथे येतात. ट्रेकिंग हा शब्द या भागात पोचण्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसे ती खडी वाट अनवाणी पायांनी चढत आली आहेत. दमदार गट चोरवण्यातून चढून नागेश्वरमार्गे वासोट्याला येतात. ती वाट वासोट्याच्या नेहमीच्या वाटेहून दुप्पट कठीण आहे आणि वाटाड्याशिवाय तिच्या वाटेला जाऊच नये.

चांदोलीतला प्रचितगड हे याहून अवघड प्रकरण. संगमेश्वर तालुक्यातले शृंगारपूर हे त्याच्या पायथ्याचे गाव. शृंगारपूरचे नाव इतिहासाच्या वाचकांना परिचयाचे असते. इथल्या सुर्व्यांवर शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये स्वारी केली. येसूबाई या शृंगारपूरच्या शिर्क्यांच्या घरातल्या, आणि संभाजीराजांचे इथे वास्तव्य होते. १६८९ मध्ये ज्या संगमेश्वरात ते पकडले गेले, तेही याच डोंगरांच्या सावलीतले. गावातून वर पाहिले की गड दिसतो आणि तिथे वाट असेल यावर विश्वास बसत नाही.

वाट आहे. आधी घनदाट झाडीतून, ओढे ओलांडत. मग सोंडेवर चढून अंगावर येणारी खडी चढण. पायाखाली घसारा, हाताला धरायला गवताची मूठ, आणि दोन्ही बाजूंना उतरत गेलेली दरी. कोकणतळातून थेट घाटमाथ्यापर्यंत चढायचे असल्याने अर्धा दिवस सहज जातो. शेवटी कड्याला आडवी जाणारी अरुंद वाट आणि मग लोखंडी शिडी. ती चढून गडाच्या दरवाजाशी पोचता येते. वर भवानीचे मंदिर, त्याच्यापाशी ठेवलेल्या छोट्या तोफा, कातळात खोदलेली टाकी आहेत. गड लहान आहे. मुख्य डोंगरापासून तुटलेला असल्यामुळे चारही बाजूंना फक्त रान दिसते, सरळ उभ्या कड्यांच्या घड्यांमध्ये कोंबलेले. महाराष्ट्रात असे अखंड जंगल वरून पाहायला मिळण्याच्या जागा बोटावर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. त्यातली ही एक, आणि बहुधा सर्वांत सुंदर.

प्रचितगडाच्या परिसरात घाटमाथ्यावर पाथरपुंज आहे. राज्यात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत त्याची गणना होते आणि काही वर्षी तर त्याने महाबळेश्वरलाही मागे टाकले आहे. वारणा नदी याच परिसरात उगम पावते. तिच्यावरच्या चांदोली धरणाचे पाणी वारणाकाठच्या ऊसमळ्यांपर्यंत जाते. सांगली-कोल्हापूरकडचा जो शेतकरी आयुष्यात कधी या रानात आलेला नसतो, त्याचेही पीक या डोंगरांनी अडवलेल्या ढगांवर उभे असते. झाडी आणि पालापाचोळ्याच्या थरात मुरलेले पाणी ओढ्यांतून हळूहळू झिरपत राहते. फेब्रुवारीत चढताना एखादा झरा वाहता दिसला तर तो या रानाचा हिशेब आहे.

हे रान रिकामे मात्र कधीच नव्हते. झोळंबी, गोठणे, रुंदीव, निवळे ही आज चांदोलीच्या नकाशावर जागांची नावे आहेत, काही दशकांपूर्वी ती नांदती गावे होती. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी पिकत होती, सड्यांवर गवळी धनगरांच्या म्हशी चरत होत्या. गावोगावी देवराया होत्या. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांनी किती मोठा ठेवा सांभाळला आहे ते दाखवून दिले. आधी कोयनेच्या धरणाने गावे उठवली, मग वारणेच्या धरणाने, त्यानंतर अभयारण्याने. काही कुटुंबांना विस्थापन एकदा नाही, दोनदा भोगावे लागले. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलाने या माणसांच्या पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे लढे दिले, ठिय्या दिला, मोर्चे काढले. जमीन मिळाली त्यांना पाणी नव्हते, पाणी होते तिथे जमीन अपुरी, अशा तक्रारी अजूनही पुरत्या मिटलेल्या नाहीत.

चालताना याच्या खुणा दिसतात. भर जंगलात एका रांगेत उभे फणस आणि आंबे, तुळशीवृंदावनाचा चौथरा, उखळाचा खळगा पडलेला दगड, पायरी नसलेल्या घराचा उंबरा. गावे उठल्यावर शेतांची गवताळ कुरणे झाली आणि त्यांवर गवे, सांबरे चरायला आली. पुढे त्या कुरणांत झुडपे माजू लागली तेव्हा ती राखण्याचे काम वनखात्याला करावे लागले. म्हणजे आज जे आपल्याला अस्पर्श निसर्ग म्हणून भावते, त्यात माणसांनी घडवलेले बरेच काही आहे, आणि त्या माणसांनी सोडून दिलेलेही. गडमाथ्यावर फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढे माहीत करून घ्यावे की हा एकांत कोणाच्या तरी घराची किंमत देऊन मिळालेला आहे.

व्याघ्र प्रकल्प झाला तरी इथे वाघ आहेत का, हा प्रश्न बरीच वर्षे विचारला गेला. मे २०१८ मध्ये चांदोलीत कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ टिपला गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. गोवा-कर्नाटकच्या सीमेवरच्या जंगलांतून तिलारी, राधानगरी असा सह्याद्रीचा माग धरत नर वाघ इकडे येतात. पण माद्या तेवढे अंतर सहसा कापत नाहीत, म्हणून वाघ आले तरी कुटुंब होत नव्हते. भक्ष्य वाढावे यासाठी चितळ आणून सोडण्यात आले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. या प्रयोगाचे यश कळायला वर्षे लागतील. पण तोवर या जंगलातल्या माणसांच्या वावरावर बंधने घट्ट होतील, काही वाटा बंद राहतील, हे गृहीत धरायला हवे. गडप्रेमींमध्ये यावरून नाराजी आहे. गड आपल्या इतिहासाचे आहेत, मग तिथे जायला परवानगी कसली, असा त्यांचा सवाल असतो. भावना समजण्यासारखी आहे, पण तिचा आग्रह चुकीचा आहे. ज्या गडांपर्यंत गाडीरस्ते गेले त्यांची काय अवस्था झाली ते प्रत्येकाने पाहिले आहे. वासोटा आणि प्रचितगड आज जसे आहेत तसे ते त्यांच्या वाटा अवघड आणि मोजक्यांना खुल्या असल्यामुळेच राहिले.

जाणाऱ्याने काही गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. पावसाळ्यात वासोट्याची वाट बंद असते. ती दिवाळीच्या सुमारास खुली होते आणि थंडीचे दिवस सर्वांत चांगले. मार्चनंतर ऊन आणि गोचीड दोन्ही वाढतात. पूर्ण बाह्यांचे, मातकट रंगाचे कपडे घालावेत. अत्तर किंवा सुगंधी फवारा अंगावर नको, कारण कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळे असतात आणि वास, धूर किंवा आरडाओरडा यांनी माश्या उठल्या तर कड्यावर पळायला जागा नसते. सह्याद्रीत आग्या माश्यांमुळे माणसे दगावली आहेत. एकटा गवा वाटेत आडवा आला तर थांबावे, त्याला जाऊ द्यावे. अस्वल सहसा माणसाला टाळते, पण वळणावर अचानक समोरासमोर आले तर ते घाबरून हल्ला करते, म्हणून झाडीत हलक्या आवाजात बोलत चालणे बरे. मोबाइलवर गाणी लावून चालणे मात्र या रानाचा आणि स्वतःचा अपमान आहे. चकवा लागला, वाट मोडली असे वाटले तर पुढे रेटू नये, शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे यावे. ढोरवाटा आणि गव्यांच्या वाटा माणसांच्या वाटेसारख्याच मळलेल्या दिसतात आणि थेट कड्यावर नेऊन सोडतात.

आणि वाटाड्या घ्यावा. नकाशा आणि जीपीएस हाताशी असले तरीही घ्यावा. बामणोली, चोरवणे, शृंगारपूर या गावांतल्या तरुणांना मुंबई-पुण्याखेरीज उपजीविकेचे साधन मिळावे, हे या रानाच्या भल्याचेच आहे. ज्याच्या घरात जंगलामुळे चूल पेटते तो वणवा लागला तर आधी धावतो आणि शिकारीचा फासा दिसला तर आधी कळवतो. बामणोलीच्या लाँचवाल्यांच्या बोटक्लबने बुडालेल्या खोऱ्यातच रोजगार उभा केला, हे लहान उदाहरण नाही.

दुसरीकडे कोयनेच्या काठावर ‘नवे महाबळेश्वर’ या नियोजित गिरिस्थानाचे आराखडे पुढे सरकत आहेत. रस्ते, हॉटेले आणि जलपर्यटन वाढेल तसा या खोऱ्यावरचा भार वाढणार. काठावरच्या गावांना रोजगार मिळायलाच हवा, त्याला कोणी विरोध करू नये. पण गाभ्याच्या जंगलात मुक्कामाचे तंबू, रोपवे किंवा आणखी रस्ते येऊ देता कामा नयेत, आणि दिवसाला किती माणसे वर जावीत याचा आकडा ठरवून तो पाळला गेला पाहिजे. ही मागणी सर्वांत आधी डोंगर चढणाऱ्यांनीच करायला हवी.

निघण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करा, परवानगीचे शुल्क भरा, पावती जपून ठेवा. वाट त्या दिवशी बंद असेल तर आडवाटेने घुसू नका. सह्याद्रीत चढायला इतर शेकडो माथे आहेत, त्यातला एखादा निवडा आणि इथे पुढच्या हंगामात या.